चर्च रिकामं असेल तर मिस्सा होते का?

परवा एका मित्राने विचारलं, "पहाटेच्या मिस्साला पावसापाण्यामुळे कोणीच आलं नाही, तर तुमचे फादर काय करतात? दिवे मालवून परत जातात?" मित्र वारकरी घरातला. त्यानेच पुढे प्रश्नाला धार लावली. "देवळातली काकडआरती माणसं नाहीत म्हणून चुकत नाही, गुरव एकटा असला तरी ती होते. पण कीर्तन रिकाम्या मंडपात उभं राहत नाही. मग मिस्सा आरतीसारखी की कीर्तनासारखी?"

मी वसईचा, आईचं बोट धरून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या आमच्या मुख्य उपासनेला, जायला लागलो तेव्हापासूनचा कॅथलिक. तरी मला थांबून विचार करावा लागला. मग वाचत गेलो, आणि लक्षात आलं की माझ्या मित्राचा प्रश्न बाराशे वर्षांपूर्वी जर्मनीत भरलेल्या बिशपांच्या एका सभेनेही विचारला होता.

सरळ उत्तर असं: हो, कोणी नसलं तरी धर्मगुरू मिस्सा अर्पण करू शकतो, आणि करतो. पण कारण नसताना त्याने एकट्याने करू नये, असाही नियम आहे. आजच्या कॅथलिक कायद्याचा ग्रंथ 1983 सालचा. त्यातलं 904 क्रमांकाचं कलम सांगतं की धर्मगुरूने वारंवार, शक्यतो रोज मिस्सा अर्पण करावी. भाविक हजर राहू शकत नसले तरी ती ख्रिस्ताची आणि ख्रिस्तसभेची, म्हणजे सगळ्या ख्रिस्ती समाजाची, कृती आहे. आणि दोनच कलमं पुढे, 906 मध्ये म्हटलंय की न्याय्य आणि योग्य कारण असल्याखेरीज निदान एखाद्या तरी भाविकाच्या सहभागाशिवाय मिस्सा अर्पण करू नये.

ही दोन कलमं एकमेकांना कापतात असं पहिल्यांदा वाटतं. कापत नाहीत, पण त्यासाठी मिस्सा म्हणजे काय हे थोडं समजून घ्यायला हवं.

वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू आपल्या शिष्यांसोबत जेवायला बसला. भाकर मोडून त्याने ती त्यांना दिली, द्राक्षारसाचा प्याला दिला, आणि माझ्या स्मरणार्थ हे करा असं सांगितलं. मिस्सा म्हणजे तेच. आधी बायबलमधली वाचनं आणि त्यांवर प्रवचन, मग वेदीवर भाकर आणि द्राक्षारस. धर्मगुरूच्या प्रार्थनेत ती भाकर आणि तो रस ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, असा कॅथलिकांचा विश्वास आहे. ख्रिस्ताने वधस्तंभावर एकदाच दिलेलं बलिदान तिथे पुन्हा घडत नाही. तेच बलिदान त्या वेदीवर हजर होतं. शेवटी ते अर्पण खाल्लं जातं, वाटून.

म्हणजे मिस्सा एकाच वेळी पूजा आहे आणि पंगतही आहे. सगळा पेच इथून सुरू होतो. नैवेद्य एकट्याने दाखवता येतो, आणि तो पूर्ण असतो. पंगत मात्र एकट्याची नसते. 904 व्या कलमाची नजर पूजेकडे आहे, 906 व्याची पंगतीकडे. बहुतेक वाद घातले गेले ते यांतलं एकच धरून.

जर्मनीतली ती सभा 813 साली माइन्त्स शहरात भरली. त्या काळी मठांमध्ये धर्मगुरू झालेल्या संन्याशांची संख्या वाढत होती, आणि मृतांसाठी मिस्सा मागणाऱ्यांचीही. एकेकटा धर्मगुरू वेदीपाशी उभा राहून मिस्सा म्हणू लागला होता. माइन्त्सच्या बिशपांनी त्याला साधा, रोखठोक प्रश्न केला: मिस्सात तू 'दोमिनुस वोबिस्कुम' म्हणतोस, म्हणजे प्रभू तुमच्यासोबत असो. 'तुमच्या' म्हणजे कोणाच्या? समोर तर कोणी नाही. 'अंतःकरणं वर उचला' असं तू कोणाला सांगतोस? त्यांनी एकट्याने मिस्सा म्हणायला मनाई केली.

मला हा प्रश्न फार प्रामाणिक वाटतो. त्यात अवघड धर्मशास्त्र नाही, व्याकरण आहे. बहुवचनात बोलायचं तर माणसं हवीत.

त्याला उत्तर आलं अकराव्या शतकात, इटलीच्या पीटर डेमियन या संन्याशी संताकडून. एका एकांतवासी साधूने त्याला विचारलं होतं की मी खोपटात एकटा प्रार्थना म्हणतो, तेव्हा 'प्रभू तुमच्यासोबत असो' असं म्हणावं की ते वाक्य गाळावं? पीटर डेमियनने त्यावर एक अख्खी पुस्तिका लिहिली. त्याचं म्हणणं, जरूर म्हण. ख्रिस्तसभा अनेकांत मिळून एक आहे आणि प्रत्येकात पूर्ण आहे. तू एकटा असलास तरी ती सगळी तुझ्यात उभी आहे, म्हणून तिच्या वतीने बोल.

पुढची नऊशे वर्षं व्यवहार या दोन मतांच्या मधून चालला. तोडगा निघाला तो असा: लोक नसले तरी चालेल, पण उत्तरं द्यायला निदान एक वेदीसेवक, म्हणजे वेदीपाशी धर्मगुरूला मदत करणारा, हवा. लॅटिन मिस्सातली भाविकांची उत्तरं तो एकटा मुलगा सगळ्यांच्या वतीने द्यायचा. 1917 च्या कायद्यात तर ते बंधनच होतं. सेवक पुरुषच हवा. पुरुष मिळालाच नाही तर योग्य कारणासाठी बाई चालेल, पण तिने दुरून उत्तरं द्यायची, वेदीजवळ यायचं नाही. आज आमच्याकडे मुली वेदीसेवा करतात, बायका बायबल वाचतात. त्यांना हे कलम वाचून दाखवलं तर राग येईल, आणि तो रास्तच असेल.

सेवक हवाच, या नियमाने 1917 च्याही आधी एका माणसाचा केवढा छळ केला, ते सांगितल्याशिवाय हा विषय पुढे नेता येत नाही. शार्ल द फुको हा फ्रेंच माणूस. जन्म 1858, स्ट्रासबुर्ग. तरुणपणी लष्करी अधिकारी, चैनी, श्रद्धा गमावलेला. मग परत फिरला, संन्यासी झाला, 1901 साली धर्मगुरू. अल्जीरियाच्या सहारात गेला, आणि 1905 साली आणखी आत, अहग्गारच्या डोंगराळ वाळवंटात, तामानरासेत नावाच्या वस्तीत राहायला लागला. आजूबाजूला तुआरेग लोक, सगळे मुसलमान. त्याने कोणाला बाटवलं नाही. त्यांची भाषा शिकला, तिचा शब्दकोश रचायला घेतला, शेजारी म्हणून राहिला.

सोबतचा सेवक निघून गेल्यावर पंचाईत झाली. एकही ख्रिस्ती माणूस नाही, म्हणजे उत्तर देणारं कोणी नाही, म्हणजे मिस्सा नाही. ज्या गोष्टीसाठी त्याने धर्मगुरूपण घेतलं, तीच हातातून गेली. एखादा ख्रिस्ती फ्रेंच सैनिक वाटेने आला तरच मिस्सा. 1907 चा नाताळ आला आणि रात्री मिस्सा झाली नाही.

तो निघून जाऊ शकत होता. उत्तरेला फ्रेंच ठाण्यांच्या जवळ राहिला असता तर रोज मिस्सा करता आली असती. याच पेचाबद्दल त्याने आपल्या वरिष्ठांना लिहिलेलं पत्र आहे. त्याचा आशय असा, की पूर्वी मी हिशेब करायचो: एका पारड्यात मिस्सा, म्हणजे अनंत, दुसऱ्यात बाकी सगळं, म्हणजे सान्त, तेव्हा मिस्सासाठी बाकी सगळं सोडावं. पण या हिशेबात कुठेतरी चूक असली पाहिजे, कारण प्रेषितांपासून मोठमोठ्या संतांनी लोकांवरच्या प्रेमापायी प्रसंगी मिस्साही सोडली आहे. आणि तो तुआरेगांमध्येच राहिला.

जानेवारी 1908 मध्ये तो मरणाच्या दारात पोचला. दुष्काळ होता, खायला नव्हतं, अंगात उठायची ताकद नव्हती. ज्यांच्यासाठी तो थांबला होता, त्या शेजाऱ्यांनी आपल्या उपाशी शेळ्यांचं मिळेल तेवढं दूध गोळा करून त्याला जगवलं. आणि 31 जानेवारीला रोमहून परवानगी पोचल्याची बातमी त्याच्या हाती आली: सेवक नसला तरी एकट्याने मिस्सा अर्पण करायला पोपची हरकत नाही. 1 डिसेंबर 1916 ला तामानरासेतमध्येच त्याला गोळी घालून मारण्यात आलं. 15 मे 2022 ला तो संत म्हणून जाहीर झाला, त्याच सोहळ्यात ज्यात त्रावणकोरचे देवसहायम पिल्लई भारतातले पहिले प्रापंचिक संत झाले.

फुकोची गोष्ट मला इतकी महत्त्वाची वाटते, कारण रिकाम्या मिस्साचे दोन्ही अर्थ तो स्वतः जगला. लोकांसाठी मिस्सा सोडली, आणि लोक नसताना मिस्सा केली.

त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने या एकट्याच्या मिस्सांवरच घाव घातला. त्याचं म्हणणं, हे जेवण आहे, वाटायचं आहे. धर्मगुरू कोपऱ्यात एकटा खातो आणि त्याचे पैसे घेतो, हे ख्रिस्ताने सांगितलं नव्हतं. पैशाबद्दलचा त्याचा राग खरा होता, तेव्हा बाजार मांडलाच होता. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चने 1662 च्या प्रार्थनापुस्तकात चक्क आकडा घातला: धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, वीसच माणसं असली, तरी त्यांतली चार, निदान तीन, प्रसाद घ्यायला हवीत, नाहीतर विधी नाही. महाराष्ट्रातल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चला त्या अँग्लिकन परंपरेचाही वारसा आहे, तेव्हा तिथल्या मराठी वाचकाला एकट्याची मिस्सा ही कल्पना विचित्र वाटली तर नवल नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेतही निदान एक माणूस लागतोच.

कॅथलिकांनी बिशपांच्या ट्रेंट इथल्या परिषदेत 1562 साली उत्तर दिलं. ज्या मिस्सात फक्त धर्मगुरूच प्रसाद घेतो ती बेकायदा नाही. ती खाजगी मिस्सा नाहीच, कारण धर्मगुरू ती सगळ्या ख्रिस्तसभेचा सेवक म्हणून, सगळ्यांसाठी अर्पण करतो. हाच मुद्दा सहावे पॉल पोप यांनी सप्टेंबर 1965 मधल्या परिपत्रकात पुन्हा मांडला: धर्मगुरूने एकट्याने केली तरी कोणतीही मिस्सा खाजगी नसते.

पण त्याच वर्षांत भरलेल्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने वजन पंगतीकडे सरकवलं. मिस्सा लोकांच्या भाषेत आली, आमच्याकडे मराठीत. धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहू लागला. आणि अनेक धर्मगुरूंनी एकाच वेदीभोवती मिळून एकच मिस्सा अर्पण करायची जुनी पद्धत पुन्हा सुरू झाली. त्याआधी दहा धर्मगुरू एका ठिकाणी जमले की दहा मिस्सा व्हायच्या. मोठ्या चर्चच्या दोन्ही अंगांना ओळीने छोट्या वेद्या का असतात, हे कोडं इथे सुटतं. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये गेलात तर दोन्ही बाजूंची ती प्रार्थनाघरं बघा. रोमच्या सेंट पीटर्समध्ये तर पहाटे बाजूच्या वेद्यांवर एकेकट्याच्या मिस्सा मार्च 2021 पर्यंत चालू होत्या. तेव्हा त्यांवर बंधन आलं आणि एकत्र अर्पण करायला सांगण्यात आलं. पुष्कळांना ते रुचलं नाही, आणि काही महिन्यांत थोडी सूट द्यावी लागली.

कायद्याची भाषाही बदलत गेली. 1917 ला सेवक सक्तीचा. 1970 च्या मिस्साग्रंथाच्या सूचनांत, गंभीर गरज असेल तरच सेवकाशिवाय. 1983 पासून 'न्याय्य आणि योग्य कारण' पुरेसं. हे कारण फार मोठं असावं लागत नाही, आणि बिशपची परवानगी मागायला जावं लागत नाही. निवृत्त, आजारी फादर आपल्या खोलीत एकटे आहेत. धर्मगुरू प्रवासात आहे. मिस्साची वेळ जाहीर केली होती आणि पावसामुळे कोणी आलं नाही, ही सगळी योग्य कारणं. चालणार नाही ते एवढंच, की लोक येऊ शकतात आणि धर्मगुरूलाच ते नको आहेत.

एकट्याच्या मिस्सात काय वेगळं होतं? फार थोडं. वाचनं, प्रार्थना, अर्पण, सगळं तेच. धर्मगुरूने स्वतः प्रसाद घेणं तर सक्तीचंच, नाहीतर मिस्सा अपुरी. मात्र लोकांना उद्देशून असलेली अभिवादनं, मधल्या सूचना आणि शेवटचा आशीर्वाद गाळायचा. म्हणजे 'प्रभू तुमच्यासोबत असो' हे वाक्य गेलं. माइन्त्सच्या बिशपांचा मुद्दा तेवढ्यापुरता मान्य झाला. पण अर्पणाची मुख्य प्रार्थना 'मी' म्हणत नाही, 'आम्ही' म्हणते. तीत पोपचं आणि स्थानिक बिशपचं नाव घेतलं जातं, मेलेल्यांची आठवण केली जाते. इथे पीटर डेमियनचं खरं ठरलं.

मेलेल्यांवरून एक व्यवहाराची गोष्ट. आमच्याकडे माणूस गेलं की सातव्या दिवसाची, महिन्याची, वर्षाची मिस्सा सांगतात, गोव्यातही तसंच. सोबत काही देणगी देतात. ती मिस्साची किंमत नाही. कायदा व्यापाराचा भासही नको म्हणतो. गरिबाने काहीच दिलं नाही तरी त्याच्या हेतूसाठी मिस्सा अर्पण करावी अशी शिफारस आहे. पण एकदा देणगी घेतली की त्या हेतूची मिस्सा हे कर्ज होतं. वर्षभरात फेडता येतील त्याहून जास्त घ्यायच्या नाहीत, आणि दिवसात दोन-तीन मिस्सा केल्या तरी स्वतःसाठी एकाचीच देणगी ठेवायची. घरचे मुंबईला गेले, परदेशी गेले, मिस्साला कोणी आलं नाही, तरी त्या दिवशी ती मिस्सा होते. आजोबांचं नाव रिकाम्या बाकांसमोर उच्चारलं जातं. दर रविवारी आणि सक्तीच्या सणांना प्रमुख धर्मगुरूने एक मिस्सा आपल्या धर्मग्रामाच्या लोकांसाठी अर्पण करायची असते, तीही कोण आलं, कोण नाही हे न मोजता.

आणि कधी कधी एकटेपण लादलेलं असतं. व्हिएतनामचे बिशप फ्रान्स्वा झेवियर न्ग्युएन व्हान थुआन यांना 15 ऑगस्ट 1975 ला अटक झाली. तेरा वर्षं कैद, त्यातली नऊ एकांत कोठडीत. त्यांनी घरी निरोप पाठवला की पोटदुखीचं औषध पाठवा. घरच्यांना अर्थ कळला. पोटाचं औषध अशी चिठ्ठी लावलेली द्राक्षारसाची छोटी बाटली आली, आणि टॉर्चमध्ये लपवलेली मिस्साची भाकर. तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक, एवढ्यावर ते मिस्सा अर्पण करायचे. तळहात हीच वेदी. अशा माणसाला "समोर कोण आहे?" असं विचारायची माझी छाती होणार नाही.

मग 2020 आलं, कोरोना आला, आणि हा प्रश्न एकट्यादुकट्याचा राहिला नाही. मार्चमध्ये रोमहून आदेश निघाला की ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याचे विधी लोकांशिवाय करावेत. 12 एप्रिलचा ईस्टर पोप फ्रान्सिस यांनी जवळजवळ रिकाम्या सेंट पीटर्समध्ये साजरा केला. इटलीत लोम्बार्डीतल्या एका धर्मगुरूने आपल्या लोकांकडून त्यांचे फोटो मागवले आणि ते बाकांवर चिकटवले, म्हणजे मिस्सा म्हणताना समोर चेहरे दिसतील. आमच्या घरी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता, आई त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली होती. पलीकडे आमचे फादर, मागे रांगांनी रिकामे बाक. ते सवयीने "प्रभू तुमच्यासोबत असो" म्हणाले. आईने इकडून उत्तर दिलं. ते उत्तर त्यांना ऐकू जात नव्हतं, हे तिला माहीत होतं.

त्याच ईस्टरनंतर पाच दिवसांनी, 17 एप्रिलच्या प्रवचनात पोप फ्रान्सिस यांनी एक गोष्ट सांगितली. रिकाम्या सेंट पीटर्समध्ये ईस्टर करायचं ठरलं तेव्हा एका बिशपने त्यांना लिहून खडसावलं होतं: एवढं मोठं चर्च, निदान तीस माणसं तरी बसवा, लोक दिसले पाहिजेत. पोपना आधी ते कळलं नाही, मग कळलं. ते म्हणाले, आपण आज जे करतोय ती अडचणीतली ख्रिस्तसभा आहे. ख्रिस्तसभा अशी नसते. लोकांशिवाय, एकत्र येण्याशिवाय देवाशी जवळीक साधायची सवय लागली तर ती धोक्याची आहे. रोज रिकाम्या चॅपेलमधून मिस्सा प्रक्षेपित करणारा माणूस हे सांगत होता, म्हणून त्याला वजन होतं.

मित्राला मी हे सगळं सांगितलं, तेव्हा त्याने शेवटचं विचारलं, "मग एकटं नाही असं म्हणायला माणसं किती लागतात?"

एक. कायद्याला एक भाविक पुरतो. त्यामुळे तो कोरोनाचा काळ सोडला, तर आमच्या चर्चमध्ये मी रिकामी मिस्सा कधी पाहिलेली नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी, घंटेच्याही आधी, लाल लुगड्यातल्या दोन-तीन म्हाताऱ्या दुसऱ्या बाकावर येऊन बसलेल्या असतात. पाऊस असला की छत्र्या दाराशी उघड्याच वाळत ठेवलेल्या दिसतात.